पेशंट पुण्यात आहे

कोल्हापूर
३ जानेवारी २०२५

प्रसेनजीत,

जयभीम. खुशाली विचारत नाही. ती शिवानीकडून कळली आहे, आणि तिला खुशाली म्हणता येत नाही.

पत्र लिहायचं कारण सरळ आहे. माझा फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. आण्णांशी मात्र बोलतोस, ते मला ठाऊक आहे. ते फोन घेऊन गॅलरीत जातात आणि आत येऊन मला सांगतात, "कंपनीचा फोन होता." एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाला कसली कंपनी? एवढ्या संसारात या गृहस्थांना एक खोटं धड बोलता आलेलं नाही.

शिवानीवर रागावू नकोस, बायको आहे ती तुझी. आईला कळू देऊ नकोस असं तू तिला बजावलं होतंस आणि तिने बरेच दिवस ते पाळलं. परवा तिचं अवसान संपलं. तू ऑफिसला जात नाहीस, अंघोळीला उठत नाहीस, सकाळपासून बाल्कनीतल्या खुर्चीत बसून असतोस, बेल वाजली तरी दार उघडत नाहीस, एवढं तिने सांगितलं. डॉक्टरांचं नाव काढलं की तू म्हणतोस, थकवा आहे, जाईल. आणि आणखी एक वाक्य म्हणतोस. ते सांगताना ती रडली.

"आईला कळलं तर ती म्हणेल, एवढ्यात हरलास?"

म्हटलं असतं का मी तसं? म्हटलं असतं.

दिवाळीच्या आधी तू फोनवर म्हणालास, "आई, मला जमत नाहीये." मी म्हणाले, "सगळ्यांना जमतं. जेव आणि झोप." यात वाईट काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. उपाशी आणि जागरण झालेल्या माणसाला काहीच जमत नाही. पण त्या दिवसापासून तू माझा फोन घेणं बंद केलंस, त्या अर्थी काहीतरी होतं.

लहानपणी शाळेतून तोंड पाडून आलास की मी म्हणायचे, काय झालं ते तीन वाक्यांत सांग. टेलिफोन एक्सचेंजमधल्या नोकरीची सवय. ट्रंक कॉलची तीन मिनिटं भरली की आम्ही मध्ये शिरून विचारायचो, वाढवायचा का? नाही म्हणाले की लाईन काढून घ्यायची. लोक मोजकं बोलायचे. घरातला माणूस गेल्याचंसुद्धा तेवढ्यात सांगून व्हायचं. तूही मोजकं बोलायला शिकलास. आधी तीन वाक्यं, मग एक. पुढे पुढे म्हणायचास, "काही नाही." मला वाटायचं, पोरगं शहाणं झालं.

उलट तुझी सरूकाकी. तिच्या आदर्शचा चेंडू गटारीत गेला तरी ती कामधंदा सोडून पायरीवर त्याच्याशेजारी बसायची. "रड बाबा, रड. लई वाईट झालं." मी हसायचे तिला. धाकटी जाऊ आहे, ऐकून घ्यायची.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. आदर्श पांढरा रस्सा ओरपत होता, आणि मधेच म्हणाला, "मोठ्याआई, मी मानसोपचारवाल्या डॉक्टरकडं जातोय बरं का. डोस्क्यात सारखी भीती बसल्यागत व्हायची. आता बरं हाय. वाढ की आणि रस्सा."

मी म्हटलं, "अरे, सगळ्यांच्या देखत काय सांगतोस?"

"मग चोरून सांगू व्हय? दाढ काढली तवा बी सांगितलंच की."

मी त्याला रस्सा वाढला. प्रसेनजीत, तू वर्गात पहिला, तू इंजिनिअर, आणि त्याचं गॅरेज. आजवर मी तुम्हा दोघांची तुलना केली ती एकाच बाजूने.

त्या डॉक्टरचा पत्ता घेतला आहे. पण पत्ता मिळाला म्हणून मी माझा मुलगा कुणाच्याही हवाली करणार नाही. घर बघितल्याशिवाय आपण पोरगी देत नाही. आधी जाऊन बघून येते.

सोबत शेंगदाण्याची चटणी आणि तिखटाची बरणी ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवली आहे. बरणीचं झाकण घट्ट आहे. शिवानीला उघडणार नाही, तू उघड.

आई


१७ जानेवारी

प्रसेनजीत,

बरणी तू उघडलीस असं शिवानी म्हणाली. ठीक.

काल आम्ही दवाखाना बघून आलो. मी, आण्णा आणि सरूकाकी. एकटीच जाणार होते, पण स्थळ बघायला एकट्याने जात नाहीत असं सरूचं म्हणणं पडलं. आण्णांनी तुझ्या लग्नातला कोट घातला. सरूने पेढ्यांचा पुडा घेतला.

"अगं, दवाखाना आहे तो."

"म्हणून काय झालं आक्का? मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जाऊ?"

राजारामपुरीत आहे. पहिला मजला, जिना स्वच्छ, कठडा धड. सरूने पाण्याच्या माठाचं झाकण उचलून आत बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे पसंत. आण्णा चपलांच्या रांगेपाशी उभे राहून म्हणाले, "माणसं चांगल्या घरची दिसत्यात."

बाकावर एक कॉलेजची मुलगी पुस्तक वाचत होती. एका व्यापाऱ्याचा फोन सारखा वाजत होता. कुरुंदवाडकडचं एक जोडपं होतं, पिशवीत भाजी होती, म्हणजे येता येता बाजार करून आलेलं. मी वेडे शोधत होते. एकही दिसला नाही. सगळी माणसं दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात बसतात तशीच बसली होती, जरा जास्त सभ्यपणे.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कोण?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"पेशंट पुण्यात हाय," सरू म्हणाली. "आमी नुस्तं बघाय आलोय."

"काय बघायला?"

"दवाखाना. डाक्टरीन बाई कशी बोलत्यात, कशा वागत्यात."

"मावशी, असं बघायला सोडत नाही आम्ही. मॅडमना भेटायचं तर पेशंट लागतो आणि केसपेपर काढावा लागतो."

"माझं नाव लिव्हा," आण्णा म्हणाले. कोटाची बटणं लावून ते पुढे झाले. चेहरा असा, की जणू जावयाच्या घरी जेवायला निघालेत. त्यांना बघून कोण म्हणेल यांना काही त्रास आहे?

"माझं लिहा," मी म्हटलं. "शशिकला कांबळे. वय चौसष्ट. शिक्षण बी. ए." शिक्षण तिने विचारलं नव्हतं.

डॉक्टरचं नाव तेजस्वी मगदूम. तुझ्याच वयाची असेल. टेबलावर पसारा नाही. मी बसले आणि तीन वाक्यांत तुझं सगळं सांगितलं. तिने लिहून घेतलं नाही, नुसतं ऐकलं. म्हणाली, त्यांना बघितल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही. हे उत्तर मला आवडलं. न बघता औषध सांगणारी असती तर तिथेच उठले असते.

मग म्हणाली, "आणि तुम्हाला काय होतं?"

"मला काही नाही."

ती गप्प बसली. मी पण गप्प. खोलीत पंख्याचा आवाज, बाकी काही नाही. मला वाटलं लाईन गेली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हॅलो?"

ती हसली. मग मीही हसले. काय करणार?

"झोप कशी लागते?" तिने विचारलं. मी म्हटलं, लागते, पण पहाटे मोडते आणि परत येत नाही. कधीपासून? मी म्हटलं, प्रसेनजीत शाळेत जायचा तेव्हापासून असेल. मग काय झालं मला सांगता येत नाही. मी बरंच बोलले. बाहेर आले तेव्हा तो व्यापारी घड्याळ दाखवून काउंटरवर भांडत होता.

काय बोलले ते लिहिणार नाही. ते माझं आहे.

निकाल असा: डॉक्टर चांगली आहे. घाई करत नाही, उपदेश करत नाही. पेढे घेतले नाहीत, म्हणाली पेशंटकडून घेत नाही. सरूला ते लागलं, पण मला पसंत पडलं.

मला पंधरा दिवसांनी परत बोलावलं आहे. मी म्हटलं, मी पेशंट नाही, मी बघायला आले होते. ती म्हणाली, हो, तरी या.

आई


२४ जानेवारी

प्रसेनजीत,

'हॅलो' वाचून तू हसलास आणि मग उठून आत गेलास, असं शिवानीने सांगितलं. हसलास ते बरं. आत का गेलास ते तिला कळलं नाही, मला थोडं कळलं.

काय बोलले ते सांगणार नाही असं लिहिलं होतं. आठवडाभर विचार केला. त्यातलं एक तुला सांगायला हवं, कारण ते तुझ्याही वाट्याला आलं आहे.

माझी पहिली नेमणूक कुठल्या गावी होती ते तुला माहीत आहे, इथे नाव नको. ड्युटी बदलताना हेडफोन एकीच्या कानावरून दुसरीच्या कानावर जायचा. माझ्या जागी येऊन बसणारी बाई आधी पर्समधून कापसाचा बोळा काढायची, स्पिरिटमध्ये भिजवलेला, आणि हेडफोन पुसायची. दुसऱ्या कुणाच्या मागून बसली तर नाही. माझ्याच. वाईट कधी बोलली नाही. माझ्या साडीचं कौतुक करत करत पुसायची.

साहेबांकडे गेले नाही. काय सांगणार? स्वच्छता चांगलीच असते. मी एकच केलं, माझ्या बोर्डावर एक कॉल चुकू दिला नाही. अंगात ताप असला तरी कामावर गेले, कारण घरी बसले असते तर म्हणाल्या असत्या, यांना झेपत नाही. बोर्डावर बसून रडता येत नाही, पलीकडच्या माणसाला आवाजात कळतं. आणि घरी येऊन आण्णांना म्हणायचे, सगळं छान आहे.

मग तू झालास. तू चालता चालता पडलास की मी आधी कोण बघतंय ते बघायचे आणि मग म्हणायचे, ऊठ. लोकांची पोरं पडली तर पडली. आपलं पोर पडलं तर त्याचा अर्थ काढणारे लोक मी रोज बघत होते. तू फार लवकर उठायला शिकलास. इतक्या लवकर, की लागलं कुठे ते बघायचं राहूनच गेलं.

डॉक्टरने विचारलं, "हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "तुम्हाला. आत्ता."

परत येताना रिक्षात मी आण्णांना सांगितलं. त्यांनी कोटाची बटणं सोडली. मग म्हणाले, "कोन ती?"

"वारली ती. झाली बरीच वर्षं."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. जरा वेळाने परत म्हणाले, "मला सांगायचं हुतंस की."

"सांगून काय करणार होता तुम्ही?"

"काय न्हाय. माज्याकडं बी तवा एक हुतं. मी तुला सांगितलं नसतं व्हय?"

त्यांच्याकडे काय होतं ते मी अजून विचारलेलं नाही. विचारीन. सरू दुसऱ्या बाजूला बसली होती. तिने पेढ्यांचा पुडा फोडला आणि आम्हाला एक एक दिला. रिक्षावाल्यालाही दिला. त्याने विचारलं, "काय ठरलं म्हणायचं, मावशी?" ती म्हणाली, "ठरंल."

हे वाचून बिचारी आई म्हणू नकोस, मला ते सहन होणार नाही. मी हे मुद्द्यासाठी लिहिलं आहे. तुझी अडचण होती, आईला कळलं तर काय म्हणेल. आईला कळलं आहे. ती हरलास म्हणालेली नाही. मग आता अडचण कुठे राहिली? पुण्यात डॉक्टरांचा तोटा नाही. तिथे जा, नाहीतर इथे ये.

ये असं मी तुला बऱ्याच दिवसांत म्हटलं नव्हतं. ये.

आई


२ फेब्रुवारी

प्रसेनजीत,

काल तू फोन केलास. आपलं जे ठरलं ते लेखी हवं असं तू म्हणालास. चेष्टेत म्हणालास की खरं, ते आवाजावरून कळलं नाही. आवाज ओळखायचा पगार घेतला मी जन्मभर, पण तुझा मला आता नीट ओळखू येत नाही. म्हणून लेखी देते.

तुझं म्हणणं: तू आणि शिवानी गाडीने येणार. तू आत एकटा जाणार. मी बाहेर थांबायचं. नंतर काय बोललास, काय निदान झालं, गोळ्या कसल्या, हे मी विचारायचं नाही. तू सांगशील तेव्हा सांगशील. नाही सांगितलंस तर नाही.

कबूल.

माझं म्हणणं: जेवलास का हे मी विचारणार. ते माझ्याच्याने सुटणार नाही.

तू विचारलंस, "आई, तुला गोळी दिली आहे का? घेतेस?" मी म्हटलं, घेते. मग तू पुढे काही बोलला नाहीस. मी फोन ठेवला नाही, हॅलोही म्हटलं नाही. पलीकडे तू आहेस एवढं कळत होतं, ते मला पुरेसं होतं. शेवटी तू म्हणालास, "थंडी आहे का गं तिकडे?" इतकी चांगली गोष्ट मला कुणी फार दिवसांत विचारली नव्हती.

थंडी आहे. स्वेटर आण.

आई


११ फेब्रुवारी
राजारामपुरी, दवाखान्यातला बाक

प्रसेनजीत,

तू आत आहेस. दार लागलं आहे. आण्णा आणि शिवानी खाली चहाला गेले, मी नको म्हटलं. विचारायचं नाही असं लेखी दिलं आहे, म्हणून लिहीत बसले आहे. नाहीतर तू बाहेर येताच मी विचारीन, मला मी ओळखते. कागद काउंटरवरच्या मुलीने दिला. आता ती मला नावाने ओळखते.

काल रात्री तू दारात उतरलास तेव्हा मी तुला ओळखलं नाही असं तुला वाटलं का? ओळखलं. फक्त तू इतका वाळला असशील हे कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "जेवलास का?" तू म्हणालास, "हे चालतं, ठरलंय." तुझ्या आण्णांनी तोंड फिरवलं.

आज जिना चढताना तू मध्ये थांबलास. मी हात धरला नाही. धरावासा वाटला, पण तुझं मधेच थांबणं तुझंच आहे, तिथे मी ऊठ म्हणणार नव्हते. मी एक पायरी खाली उभी राहिले. शेवटच्या पायरीवर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तोल गेला म्हणून असेल. असू दे.

दार उघडताना तू मागे वळून बघितलंस. तू पाच वर्षांचा असताना बालवाडीच्या दारातून असंच बघायचास आणि मी लगेच पाठ फिरवून चालू लागायचे, पोर रडू नये म्हणून. आज नाही फिरवली. तू आत गेल्यावरही बराच वेळ दाराकडे बघत होते.

थांब. कुणीतरी आलं.

आपल्या गल्लीतली झुंबरबाई आहे. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची. तुझे दहावीचे मार्क मी पहिल्यांदा जिला ऐकवले होते ती, आणि तिच्या कानावर घालायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगायचं. मला बघितलं आणि पदर नाकापर्यंत ओढून जिन्याकडे वळली.

आता जे झालं ते झालं तसंच लिहिते.

मी हाक मारली, "झुंबरबाई, अगं इकडे ये. बस."

"न्हाय न्हाय, मी आपली... भनीला घिऊन आलेय." मागे कुणी नव्हतं.

"बस गं. आमचा प्रसेनजीत आत आहे."

ती थांबली. तोंडावरचा पदर तसाच. "आत? डाक्टर झाला व्हय त्यो? इंजनेर हुता न्हवं?"

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. एरवी अशा वेळी माझ्या तोंडात उत्तर तयार असतं. ओळखीचे डॉक्टर आहेत, भेटायला आलोय. सहज. कामासाठी.

"नाही," मी म्हटलं. "इंजिनिअरच आहे. इथे पेशंट आहे. त्याच्यानंतर माझा नंबर."

मोठ्याने म्हटलं. आत ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

झुंबरबाई जिन्यापासून परत फिरली. मग येऊन माझ्याशेजारी बसली, अगदी टेकून. पदर खाली घेतला. रडून रडून डोळे सुजलेत तिचे, किती दिवसांचे कोण जाणे, आणि मी रोज तिच्या गिरणीवरून जाते.

"तुमी बी?" तिने हळूच विचारलं.

"मी बी."

"आक्का, मला लई भ्या वाटतंय गं. घरात कुनाला सांगितलं न्हाय मी."

प्रसेनजीत, पेन ठेवते. ही काहीतरी सांगते आहे, आणि तुला यायला अजून वेळ आहे. आत जेवढा वेळ लागेल तेवढा घे.

आई